हाळीची वाटणी

ताराबाई जीपमधून उतरली ती पदर खोचूनच. थोरल्या बहिणीनं पदर खोचला की भावांनी गप्प बसायचं, ही त्यांच्या बापाच्या, धुळाजीच्या घरातली जुनी चाल. बंकटराव आता दूध संस्थेचे चेअरमन होते, गावातली दोन-चार माणसं त्यांना पाहून अजून विडी विझवायची, पण या चालीतून त्यांना सूट नव्हती. ते लिंबाखालच्या बाजेवरून उठले आणि बहिणीला जागा करून दिली.

ती बसली नाही. पाणीही मागितलं नाही. वाघरीच्या जाळीत दाटीनं उभ्या असलेल्या मेंढरांकडे तिनं एकदा पाहिलं आणि विचारलं, "ट्रक सांगितलाय म्हणं?"

"सांगितलाय. उद्या सकाळी येतोय."

"सगळ्या कळपाला?"

"सगळ्याच."

तिच्या मागोमाग सटवा आला. बंकटरावांचा हा धाकटा भाऊ. चैत्रातल्या उन्हातही खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि उजव्या गुडघ्यात जरासा लंगडा. बायको गेल्यापासून आणि पोरगा पुण्याच्या कंपनीत चिकटल्यापासून सटवाला बोलायला माणूस असं मेंढरांशिवाय उरलंच नव्हतं. त्यामुळं माणसांशी बोलताना तो जरा मोठ्यानं आणि तुटक बोलायचा. आज तर तो बोललाच नाही. लिंबाच्या सावलीबाहेर, उन्हात बसला. रुसला की तो लहानपणापासून असाच उन्हात जाऊन बसायचा.

लागोपाठ दोन पावसाळे पाटोद्याच्या माळाला नुसतं तोंड दाखवून गेले होते. विहिरींच्या तळाला गाळ दिसत होता. बंकटरावांच्या दूध संस्थेनं गावाबाहेर छावणी उघडली होती आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची गुरं तिथं दावणीला आली होती. ऊस यायचा, पेंड यायची, टँकर यायचा. पहाटेपासून बंकटराव तिथंच असायचे. कुणाच्या गाईला पान्हा सुटला नाही, कुणाचा बैल बसला तो उठेना, सगळी गाऱ्हाणी त्यांच्याकडे. म्हातारपणी माणसाला एवढी किंमत आली की तो मनातून सुखावतोच, आणि बंकटरावही सुखावले होते. पण छावणी फक्त गाई, बैल आणि म्हशींची होती. शेळ्या-मेंढ्यांना तिथं जागा नव्हती. असा नियमच होता.

सटवानं पंधरवड्यापूर्वी फाटकाशी कळप आणून उभा केला तेव्हा बंकटरावांनीच तो माघारी वळवला होता. सगळ्या गावादेखत. आज चेअरमननं आपल्या घरची मेंढरं आत घेतली तर उद्या सगळ्यांच्या शेळ्या येतील, परवा छावणी बंद पडेल आणि शेकडो गुरं उघड्यावर येतील, हे त्यांनी भावाला तिथंच समजावून सांगितलं होतं. सटवानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि कळप वळवून निघून गेला. तेव्हापासून तो थोरल्या भावाला "चेअरमनसाहेब" म्हणत होता. बंकटरावांना ते फार लागलं होतं.

पण मेंढरांना मरू द्यायचं नव्हतं. बंकटरावांचा पोरगा उत्तरेश्वर रोज दुपारी दुधाच्या टेम्पोत पाण्याचं निळं पिंप टाकून आणायचा आणि वाघरीपाशी पितळी घमेल्यांत ओतायचा. ते पाणी घरच्या वाट्याचं होतं. त्याची आई कौशल्याबाई त्यापायी दिवसाआड आंघोळ करत होत्या, पण बोलल्या नव्हत्या.

"आत्या, तुमीच सांगा," उत्तरेश्वर म्हणाला. बोलून बोलून तो कंटाळला होता. नगरकडचा व्यापारी त्यानंच गाठला होता, ट्रकही त्यानंच ठरवला होता. पाणी पाजून कळप जगत नाही, त्याला चारा लागतो, आणि चारा तर गाईच्या तोंडी पुरेना, असं त्यानं आत्याला पुन्हा एकदा सांगितलं.

ताराबाईनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. या कळपात तिचाही वाटा होता. तिच्या लग्नात धुळाजीनं पाच मेंढ्या आंदण दिल्या होत्या. सासरी नुसती शेती, मेंढरं सांभाळणारं कुणी नाही, म्हणून त्या माहेरच्या कळपातच राहिल्या. त्यांची कोकरं, कोकरांची कोकरं, सगळी ताराबाईची. डाव्या कानाला छेद असलेलं दिसलं की ते तिचं. त्या लोकरीचं घोंगडं दर दोन सालाला तिच्या सासरी, पाटोद्याला पोचायचं, आणि ताराबाईची लेकरं-नातवंडं सगळी त्या घोंगड्यांवरच वाढली होती. बाप जाऊन जमाना झाला तरी त्यानं दिलेलं अंथरूण अजून पुरत होतं.

"माझ्या वाट्याचं म्हणशील," ती शेवटी म्हणाली, "तर डोळ्यांदेखत मरण्यापरीस गेलेली बरी."

उत्तरेश्वरनं सुटकेचा श्वास सोडला. सटवा उन्हातून म्हणाला, "मी गंगथडीला घिऊन जातो."

गंगथडी म्हणजे गोदावरीचा काठ. तिकडे डोहांत पाणी आहे, काठाला हिरवं आहे आणि शेतात मेंढरं बसवून घ्यायला शेतकरी तयार आहेत, असं बाजारात कानावर आलं होतं. शेतात रात्रभर मेंढरं बसली की वर्षाचं खत झालं. त्याबदल्यात धान्य मिळायचं, मान मिळायचा. बंकटरावांचं अर्धं लहानपण असं लोकांच्या शेतात गेलं होतं. संध्याकाळी वाघर ठोकायची, तीन दगडांवर भाकरी, वर उघडं आभाळ आणि उशाशी कोकराची ऊब. धुळाजी बसल्या बसल्या सूत कातायचा आणि कातता कातता पोरांना चांदण्यांची नावं सांगायचा. त्यातली निम्मी त्यानं स्वतःच ठेवलेली होती, हे बंकटरावांना फार उशिरा कळलं. आजही तशी झोप त्यांना घरातल्या गादीवर लागत नव्हती.

पण गंगथडीची वाट त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातही पाहिली होती. सटवा तेव्हा आईजवळ राहिला होता, लहान होता. बापाबरोबर बंकट गेला होता. जाताना कळपानं सगळी गाडीवाट भरली होती. येताना बाप पुढं, बंकट मागं, आणि मधे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच मेंढरं. बापाच्या छातीत तेव्हा जो खोकला शिरला, तो त्याला घेऊनच गेला. बंकटरावांनी त्याच साली ठरवलं की आपण हे करायचं नाही. लग्नानंतर थोडी वर्षं कळपामागं काढून त्यांनी रानात विहीर पाडली, एक गाय घेतली, सायकलीला किटल्या बांधून दूध पाटोद्याला न्यायला लागले. धनगराचं पोरगं दूध विकतं म्हणून भावकीनं नावं ठेवली. धुळाजीच्या घरात दूध वाटलं जायचं, विकलं जात नव्हतं. पुढं त्याच भावकीला गोळा करून बंकटरावांनी सहकारी संस्था काढली आणि नावं ठेवणारे सगळे सभासद झाले. मेंढरं मात्र सटवाकडे राहिली, दोघांच्या नावानं, सामाईक.

"गुडघा बघितलास का तुझा?" बंकटराव म्हणाले.

"गुडघ्याला काय झालं? चालतो की."

"तेव्हा बापाला मी तरी सोबत होतो. तुला कोण हाय?"

"मेंढरं हायेत," सटवा म्हणाला. "चेअरमनसाहेब, तुमी तुमची छावणी बघा."

आता बोलणं संपलं असं उत्तरेश्वरला वाटलं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या कौशल्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. उभ्या जन्मात त्या चारचौघांत नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या.

"विकायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "मी नवी नवरी या कळपामागं चाललेय. ह्यो उत्तरेश्वर माळावर जलमला, चार मेंढ्या भवती बसवल्या हुत्या वारा लागू नये म्हून. आज ह्योच ट्रक घिऊन आला. भाऊजी जात्यात तर जाऊ द्या. माणूस घरात बसूनबी मरतं."

बंकटराव बायकोकडे बघतच राहिले. ताराबाईसुद्धा बघत राहिली, आणि मग तिनं खोचलेला पदर सोडून पुन्हा नीट खोचला. तिचं मन फिरलं हे बंकटरावांनी ओळखलं.

"मंग बापाची रीत करा," ती म्हणाली. "सामाईक कळप एकट्यानं विकता येत न्हाई. आधी वाटणी. तुझ्याकडं येतील ती तू विक. सटवाकडं जातील ती त्याची."

बापाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. मेंढरं मोजायची नाहीत, मोजली की दृष्ट लागते, असं धुळाजी मानायचा. म्हणून त्यांच्या घरी वाटणी व्हायची ती हाळीवर, मेंढरांना घालायच्या हाकेवर. वाघर सोडायची, दोन भावांनी दोन बाजूंना सारख्या अंतरावर उभं राहायचं आणि आपली हाळी द्यायची. ज्याच्या हाळीला जे जनावर जाईल ते त्याचं. धुळाजी आणि त्याचा भाऊ हरिबा असेच वेगळे झाले होते. हरिबाकडे जास्त मेंढरं गेली तेव्हा धुळाजी हसून म्हणाला होता, की तू जास्त जागलास, तुझी जास्त. पुढं दोघं मरेपर्यंत एका ताटात जेवले.

उत्तरेश्वरनं कपाळावर हात मारला. "आबा, उद्या ट्रक दारात येईल आन तुमी हाळ्या घालत बसा," असं म्हणून तो दुधाच्या वेळेचं निमित्त करून टेम्पो घेऊन निघून गेला.

बंकटराव मात्र कबूल झाले. ही वाटणी आपण हरणार हे त्यांना कळत होतं. रोज कळपात असतो सटवा, आपण कळप सोडला त्याला जमाना झाला. तरी ते उठले, कारण खरं सांगायचं तर त्यांना बघायचंच होतं. एवढी वर्षं संस्था, संघ, सभा यांत गेल्यावर बापाच्या मेंढरांत आपलं काही उरलंय का, हे एकदा बघावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी वहाणा काढल्या, टोपी काढून कौशल्याबाईंच्या हातात दिली आणि तापलेल्या ढेकळांतून चालत पलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

अलीकडच्या बांधावर सटवा उभा राहिला. ताराबाईनं वाघरीचा खुंट उपटला आणि जाळी बाजूला ओढली. मेंढरं बाहेर आली, अंगं अंगांना घासत, आणि मोकळ्यात येऊन थबकली.

बंकटरावांनी पहिली हाळी दिली ती घशातच फाटली. ताराबाई फिस्सकन हसली. "सभेत बोलतोस तसं नगं बोलू," ती ओरडली.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला. ओठ आवळले, जीभ टाळूला लावली, आणि या खेपेला पोटातून आवाज निघाला. लांब, खाली उतरत जाणारा, शेवटी जिभेची टकटक. तो ऐकून ते स्वतःच दचकले. तो बापाचा आवाज होता. समोरच्या बांधावर सटवाही हाळी द्यायची विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. बंकटरावांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं हा आवाज आपल्या गळ्यात होता आणि आपण त्याला भाषणं करायला लावली, असं त्यांना वाटलं.

मग सटवानंही हाळी दिली. तीही बापाचीच. दोन्हीकडून एकच आवाज आल्यावर मेंढरं गोंधळली. पुढची काही सटवाकडे वळली, ते अपेक्षितच होतं. पण काही माना बंकटरावांकडेही वळल्या. एक काळ्या तोंडाची मेंढी चार पावलं त्यांच्या दिशेनं आली, तिच्यामागं आणखी दोन. बंकटरावांना पोरासारखा आनंद झाला. ही काळ्या तोंडाची काही विकायची नाही, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात वळणावर उत्तरेश्वरच्या टेम्पोचा हॉर्न वाजला.

सगळ्या कळपाचे कान एकदम उभे राहिले. काळ्या तोंडाची मेंढी उभ्या उभ्या वळली. आणि मग सगळीच्या सगळी मेंढरं, सटवाकडची आणि बंकटरावांकडची, धुरळा उडवत टेम्पोकडे धावत सुटली. सटवा मधे आडवा झाला. हाळी देत राहिला, एकदा, पुन्हा, आवाज चिरकेपर्यंत. मेंढरं त्याच्या दोन्ही पायांना घासून पलीकडे गेली. एकही थांबलं नाही. टेम्पोला चारी बाजूंनी वेढा घालून ती पाण्यानं भरलेल्या निळ्या पिंपाकडे माना उंच करून ओरडू लागली, आणि उत्तरेश्वर स्टिअरिंगवर हात ठेवून, आपलं काय चुकलं, अशा चेहऱ्यानं बसून राहिला.

पहिल्यांदा कौशल्याबाईंना हसू आलं. मग ताराबाईला. हसता हसता ती मातीतच बसली. "झाली बाई वाटणी," ती म्हणाली. "कळप उत्तरेश्वरचा. बापाच्या रीतीनं झालं, आता कुणी बोलायचं न्हाई." बंकटरावही अनवाणी पायांनी चटके सोसत हसत हसत परत आले. आणि मग त्यांनी सटवाला पाहिलं.

सटवा बांधावर बसला होता. काठी बाजूला पडली होती.

"ट्रक येऊ दे, दादा," तो म्हणाला.

"आरं, गंमत झाली. तहानलेलं जनावर पाण्याकडं पळतं, त्यात काय?"

"गंमत न्हाई. आता ती माझी ऐकत न्हाईत. गंगथडीच्या वाटंवर धा टँकर लागतील, धा टेम्पो लागतील. परत्येकामागं पळतील. चाकाखाली जातील. मी एकटा लंगडा कुठवर धावू?" त्यानं खालची माती उगाच मुठीत घेतली. "तू म्हणत हुतास तेच बरोबर. विकून टाक."

बंकटरावांना हवं होतं तेच भावानं दिलं होतं. पण ते ऐकून त्यांच्या काळजात जी कळ उठली, ती त्यांना सहन होईना. ते त्याच्या शेजारी मातीत बसले. पांढऱ्या धोतराचा विचार केला नाही.

"सटवा, मला मेंढरांची फिकीर नव्हती रं," ते म्हणाले. "कळप विकला की तू जाणार न्हाईस, एवढंच माझ्या डोक्यात हुतं. त्या वाटंनं बाप गेला. तुलाबी गंगथडीला घालवून मी कुणाचा चेअरमन होऊ?"

सटवानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. पलीकडे उत्तरेश्वर घमेल्यांत पाणी ओतत होता आणि मेंढरं त्याला ढुशा देत होती. मालक झाल्यापासून त्याची चांगलीच तारांबळ उडाली होती. शेवटचं घमेलं भरून तो बांधाकडे आला. कळप आपला झाला हे त्याला हसण्यावारी नेता आलं असतं. पण आत्याच्या तोंडून बाहेर पडलेली वाटणी त्याला कुठंतरी लागली असावी.

"तात्या," त्यानं चुलत्याला विचारलं, "टेम्पो पुढं ठिवला, पिंप मागं दिसंल असं बांधलं, आन माणसाच्या चालीनं चालवला, तर मागं येतील का? गंगथडीपर्यंत?"

सटवानं मूठ उघडली. माती खाली पडू दिली. "पिंप दिसत ऱ्हायलं तर कुठंबी येतील."

"मंग दूध?" बंकटरावांच्या तोंडून सवयीनं निघालं.

"दूध हाय कुठं आता?" कौशल्याबाई म्हणाल्या. "चार कॅन जीपनं जातील." नवऱ्याच्या धंद्याचा एवढा हिशेब त्यांनाही येत होता.

अशी वाट निघाली. पण सगळ्यांसाठी निघाली नाही. अंधार पडायच्या आत सटवा कळपात शिरला आणि एकेकीच्या पाठीच्या कण्यावरून हात फिरवून चालू शकणार नाहीत अशा मेंढ्या बाजूला काढू लागला. म्हाताऱ्या, खंगलेल्या, खूर फुटलेल्या. दोनदा तो एका मेंढीपाशी अडखळला. तिच्या डाव्या कानाला छेद होता. ताराबाई जवळच उभी होती. "कान नगं बघू," ती म्हणाली. "पाय बघ." सटवानं ती मेंढी बाजूला काढली.

सकाळी ट्रक यायच्या आधीच कळप निघाला. टेम्पोच्या मागच्या फळीला निळं पिंप बांधलेलं, मागं रस्ता भरून मेंढरं, आणि सगळ्यांच्या मागं सटवा. बाजूला बांधलेल्या मेंढ्या त्यांच्याकडे बघून ओरडत होत्या. सटवानं मागं पाहिलं नाही. त्याला ते बघवणार नाही हे बंकटराव जाणून होते. म्हणूनच, ट्रकपाशी मी थांबतो, तू नीघ, असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

ट्रक आला. व्यापाऱ्याची माणसं मेंढीचा पाय धरून वर फेकायला लागली तशी बंकटरावांनी त्यांना बाजूला केलं. चेअरमननं असलं काम करू नये असं त्यातला एक जण अदबीनं म्हणाला. बंकटरावांनी ऐकलं नाही. प्रत्येक मेंढी त्यांनी वाकून दोन्ही हातांनी कवेत उचलली आणि फळीवर हलकेच ठेवली. त्यांना धाप लागत होती. छेदाच्या कानाची मेंढी त्यांनी जरा जास्त वेळ धरली, मग तीही ठेवली. फळी लागली, ट्रक निघून गेला, आणि मोकळ्या वाघरीकडे बघून बंकटरावांना रडू आवरेना. त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. कौशल्याबाई जवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

खिशातला फोन वाजला. बंडीला हात पुसून त्यांनी तो कानाला लावला. उत्तरेश्वर होता. टेकडी उतरली होती, मेंढरं पिंपामागं शहाण्यासारखी येत होती, एक टँकर शेजारून गेला तरी कुणी वळलं नव्हतं.

"आन सटवा?"

"मागं हाय, आबा. टेम्पोत बसा म्हटलं तर बसत न्हाई. मेंढरं चालत्यात तवर मी चालणार, म्हणतोय."

"गुडघा?"

"लंगडतोय जरा."

फोनमधून मेंढरांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"हळू चालव," ते म्हणाले.

"हळूच हाय, आबा. गाडी पहिल्या गेरमधीच हाय."

"आणखी हळू चालव," बंकटराव म्हणाले.